कॉलिन चॅपमन : हलकेपणाचा ध्यास आणि त्याचे मोल

शर्यतीची मोटार तयार करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला एक निवड पुन्हा पुन्हा करावी लागते. गाडीचा कोणता भाग हलका करायचा, किती हलका करायचा आणि त्यासाठी कोणता धातू वापरायचा? इंजिनातील जळका वायू बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या पोलादाऐवजी टायटॅनियमच्या केल्या, तर त्यांचे वजन निम्म्याच्या जवळपास येते. चाकाचा आस, स्टिअरिंगचा दांडा किंवा ब्रेकचा दांडा यांचेही वजन अशाच रीतीने घटवता येते. मात्र एक्झॉस्ट फाटला तर बहुधा शर्यत हातची जाते. आस किंवा दांडा तुटला तर चालकाच्या जिवावर बेतते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या निवडीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते म्हणजे लोटस कंपनीचे संस्थापक, ब्रिटिश अभियंता कॉलिन चॅपमन.

चॅपमन यांच्या हयातीत त्यांच्या संघाने फॉर्म्युला वन शर्यतींत निर्मात्यांचे विश्वविजेतेपद सात वेळा आणि चालकांचे विश्वविजेतेपद सहा वेळा पटकावले. आजच्या शर्यतीच्या गाड्यांमधील अनेक मूलभूत कल्पना प्रथम त्यांच्या गाड्यांमध्ये रुळल्या. त्याच गाड्यांमध्ये काही नामवंत चालकांना प्राण गमवावे लागले, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्या जीवनाचा आढावा घेताना या दोन्ही बाजू एकत्रच पाहाव्या लागतात.

पडीक गाडीपासून सुरुवात

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात रेल्वे स्थानकाजवळचे एक हॉटेल चालवीत. युद्ध संपत आले असताना चॅपमन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पूल, छत, मनोरे यांसारख्या रचनांवर पडणारा भार मोजण्याचे हे शास्त्र आहे. पुलाचे स्वतःचे वजन हाच त्याच्यावरील मोठा भार असतो, आणि जास्तीचे पोलाद घातले की ते पोलाद पेलण्यासाठी आणखी पोलाद लागते, हा या शास्त्रातील पहिलाच धडा होय. मोटारींच्या बाबतीत चॅपमन यांनी हा धडा आयुष्यभर गिरवला.

महाविद्यालयात असतानाच ते विमान चालवण्यास शिकले. त्याच काळात एका मित्रासोबत जुन्या मोटारी विकण्याचा जोडधंदाही त्यांनी सुरू केला. १९४७ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने खासगी मोटारींसाठीचा पेट्रोलचा मूळ कोटा बंद केला आणि जुन्या गाड्यांचा बाजार कोसळला. गाड्या तोट्यात विकाव्या लागल्या. शेवटी गिऱ्हाईक न मिळालेली १९३० सालची एक ऑस्टिन सेव्हन तेवढी शिल्लक राहिली.

या गाडीचे जुने कवच उतरवून चॅपमन यांनी प्लायवूड आणि अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे यांचे नवे कवच चढवले. विमानांच्या बांधणीत वापरली जाणारी ही पद्धत होती. त्यांच्या मैत्रीण आणि पुढे पत्नी झालेल्या हेझल विल्यम्स यांच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये हे काम चाले. १९४८ मध्ये तयार झालेल्या या गाडीला लोटस हे नाव मिळाले. भारतीयांच्या परिचयाच्या कमळाचे हे नाव का निवडले, याचा खात्रीलायक खुलासा चॅपमन यांनी कधीच केला नाही.

पदवीनंतर शाही हवाई दलात थोडा काळ घालवून ते ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत नोकरीला लागले. दिवसा नोकरी आणि रात्री गाड्या, असा त्यांचा दिनक्रम होता. १ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग कंपनीची स्थापना झाली. हेझल यांनी दिलेले २५ पौंड हे तिचे आरंभीचे भांडवल होते. १९५४ मध्ये कॉलिन आणि हेझल यांचा विवाह झाला.

एका भागाला तीन कामे

कंपनीच्या आरंभीच्या गाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात विकल्या जात आणि ग्राहक त्या घरी जोडून घेत. अशा विक्रीवर तेव्हा खरेदी कर लागत नसे, ही बाब चॅपमन यांनी अचूक हेरली होती. नियमांतील पळवाट शोधण्याची ही सवय पुढे त्यांच्या कीर्तीला आणि अपकीर्तीला सारखीच कारणीभूत ठरली. १९५७ मधील लोटस सेव्हन ही साधी, उघडी आणि अतिशय हलकी गाडी याच पद्धतीने लोकप्रिय झाली. तिच्या निर्मितीचे हक्क १९७३ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेले.

१९५६ मध्ये व्हॅनवॉल या ब्रिटिश संघासाठी चॅपमन यांनी शर्यतीच्या गाडीचा नवा सांगाडा आखून दिला. व्हॅनवॉलने १९५८ मध्ये निर्मात्यांचे पहिलेवहिले विश्वविजेतेपद मिळवले. त्याच वर्षी लोटसचा स्वतःचा संघ फॉर्म्युला वनमध्ये उतरला. लोटस गाडीचा पहिला विजय १९६० मध्ये मोनाको येथे आला. स्टर्लिंग मॉस यांनी तो मिळवला, पण ते रॉब वॉकर यांच्या खासगी संघाकडून धावत होते. चॅपमन यांच्या स्वतःच्या संघाला पहिल्या विजयासाठी १९६१ च्या अमेरिकन ग्रां प्रीपर्यंत थांबावे लागले. तेथे इनेस आयर्लंड यांनी बाजी मारली.

चॅपमन यांची खरी झेप १९६२ च्या लोटस २५ या गाडीत दिसली. तोपर्यंत शर्यतीच्या गाडीचा सांगाडा लोखंडी नळ्या जोडून बनवला जाई. त्यावर पत्र्याचे कवच आणि आत पेट्रोलच्या टाक्या, असे वेगवेगळे भाग असत. चॅपमन यांनी नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला. अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन लांब पेट्या दोन्ही बाजूंना ठेवून त्या आडव्या भिंतींनी एकमेकींना जोडल्या आणि पेट्रोलच्या रबरी पिशव्या त्या पेट्यांच्या आत बसवल्या. सांगाडा, कवच आणि टाकीचे आवरण ही तीनही कामे एकच भाग करू लागला. आधीच्या नळ्यांच्या सांगाड्याच्या तुलनेत हा सांगाडा सुमारे निम्म्या वजनाचा आणि जवळजवळ तिप्पट ताठ होता. चालकाला त्यात जवळपास आडवे पडून बसावे लागे. त्यामुळे गाडीची रुंदी आणि हवेचा अडथळाही घटला.

या गाडीतून स्कॉटलंडचे जिम क्लार्क यांनी १९६३ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले. शेतकरी कुटुंबातील हा मितभाषी चालक आणि सतत नव्या कल्पनेमागे धावणारे चॅपमन यांची जोडी त्या दशकातील सर्वांत यशस्वी जोडी ठरली. क्लार्क यांनी आपले २५ ग्रां प्री विजय लोटसच्याच गाड्यांतून मिळवले. अमेरिकेच्या इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत त्यांनी १९६५ मध्ये २०० पैकी १९० फेऱ्यांत आघाडी राखली आणि इंजिन मागे असलेल्या गाडीला तेथे प्रथमच विजय मिळवून दिला. दुसरे विश्वविजेतेपदही त्यांनी त्याच वर्षी मिळवले.

किती बोल्ट पुरेसे?

हलकेपणाची दुसरी बाजू मात्र फार आधी समोर आली होती. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी मॉस यांच्या लोटसचे मागील चाक निखळले आणि ते गंभीर जखमी झाले. त्याच सराव सत्रात माइक टेलर यांच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. ते वाचले, पण त्यांची शर्यतीची कारकीर्द तेथेच संपली. लोटसच्या गाड्या वेगवान असतात आणि ठिसूळही असतात, ही कुजबुज तेव्हापासून कायम राहिली.

१९६२ च्या ल मान्स शर्यतीतील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. लोटस २३ या छोट्या गाडीचे पुढचे चाक चार बोल्टांवर, तर मागचे सहा बोल्टांवर बसवलेले होते. पुढील आणि मागील चाके अदलाबदल करता येत नाहीत, म्हणून तपासनिसांनी गाडी नाकारली. लोटसच्या पथकाने मागचे चाकही चार बोल्टांवर बसवून दाखवले. त्यावर, मूळ आराखड्यात सहा बोल्ट लागत असतील तर चार असुरक्षित ठरतात, असे म्हणून तपासनिसांनी गाडी पुन्हा नाकारली. चॅपमन संतापले आणि त्यांचा संघ पुन्हा ल मान्सला गेला नाही. यात अन्याय कोणावर झाला, यावर मतभेद होऊ शकतात. पण चार पुरेसे की सहा आवश्यक, हा तपासनिसांनी विचारलेला प्रश्न चॅपमन यांच्या साऱ्या कारकिर्दीलाच विचारता येण्याजोगा होता.

टायटॅनियम विरुद्ध आराखडा

१९६६ पासून फॉर्म्युला वनसाठी तीन लिटरची इंजिने आली आणि गाडीचे किमान वजन ५०० किलो ठरवण्यात आले. त्याहून हलकी गाडी चालत नसे. त्याहून जड गाडी मात्र प्रत्येक वळणावर मागे पडे. १९६७ च्या मोसमात ही मर्यादा गाठण्याचे दोन अगदी भिन्न मार्ग समोरासमोर आले.

पहिला मार्ग अमेरिकन चालक आणि निर्माते डॅन गर्नी यांचा होता. गर्नी हे चॅपमन यांचे स्नेही होते आणि चॅपमन यांना इंडियानापोलिसकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पूर्वी लोटसमध्ये काम केलेल्या लेन टेरी यांनी आखलेली गर्नी यांची ईगल ही गाडी देखणी होती, पण बारा सिलिंडरच्या इंजिनासह ती किमान वजनापेक्षा बरीच जड भरे. म्हणून एका नव्या ईगलमध्ये सांगाड्यासाठी मॅग्नेशियमचे पत्रे आणि इतरत्र टायटॅनियमचे भाग वापरण्यात आले. तिच्या एक्झॉस्टच्या नळ्याही टायटॅनियमच्या होत्या.

ही निवड समजून घेण्यासारखी आहे. पोलादाचा एक घन सेंटिमीटर तुकडा सुमारे ७.९ ग्रॅम भरतो, तर टायटॅनियमचा सुमारे ४.५ ग्रॅम. त्याच मापाची नळी टायटॅनियमची केली, तर वजनात ४० टक्क्यांहून अधिक बचत होते. एक्झॉस्ट गाडीच्या मागच्या टोकाला असतो. गाडीच्या मध्यापासून दूर असलेले वजन वळणावर गाडीला आपल्या जागी रोखून धरते. त्यामुळे तेथील एक किलोची बचत मध्यभागातील एका किलोपेक्षा अधिक उपयोगी पडते.

पण या धातूच्या अटीही आहेत. सुमारे ६०० अंश सेल्सियसच्या वर टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन शोषू लागते आणि हळूहळू ठिसूळ होते. इंजिनाच्या तोंडाशी वायू याहून कितीतरी तप्त असतो, म्हणून तेथे साधे टायटॅनियम फार काळ टिकत नाही; मागील नळ्यांत ते अधिक भरवशाचे ठरते. त्याची वेल्डिंग करताना सांध्याच्या बाहेर आणि नळीच्या आतही आर्गॉन वायू खेळता ठेवावा लागतो. अन्यथा सांधा वरून सुबक दिसतो आणि धक्क्याने तडकतो. हा धातू पोलादापेक्षा अधिक लवचिक असल्याने नळ्या घट्ट आवळून चालत नाही. त्यांना थरथरण्यास आणि तापल्यावर किंचित सरकण्यास वाव द्यावा लागतो. टायटॅनियमचे खनिज दुर्मीळ नाही. भारतात केरळपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यांवरील काळ्या वाळूत ते सापडते. मात्र खनिजापासून शुद्ध धातू वेगळा करण्याची क्रिया लांबलचक आणि खर्चिक असल्याने तो महाग पडतो.

दुसरा मार्ग चॅपमन यांचा होता. त्यांनी फोर्ड कंपनीला एक लाख पौंड खर्च करण्यास राजी केले आणि लोटसचेच माजी सहकारी कीथ डकवर्थ यांनी कॉसवर्थ कंपनीत डीएफव्ही हे आठ सिलिंडरचे इंजिन तयार केले. लोटस ४९ या गाडीत सांगाडा चालकाच्या पाठीमागेच संपत होता. त्याला मोजक्या बोल्टांनी इंजिन जोडलेले होते. गिअरबॉक्स आणि मागील चाकांचा भार थेट इंजिनावर पडत असे. गाडीचा मागचा अर्धा सांगाडाच त्यामुळे अनावश्यक ठरला. महागड्या धातूची नळी निवडून गर्नी यांनी काही किलो वाचवले. चॅपमन यांनी तो भागच आराखड्यातून वगळला आणि गाडी किमान वजनाच्या जवळ आणली. मर्यादा गाठल्यावर टायटॅनियमसाठी पैसा ओतण्याची निकडही कमी होते.

४ जून १९६७ रोजी झांडफोर्ट येथे लोटस ४९ पहिल्यांदाच धावली आणि क्लार्क यांनी ती शर्यत जिंकली. दोनच आठवड्यांनी स्पा येथे क्लार्क यांना स्पार्क प्लगच्या बिघाडामुळे थांबावे लागले आणि टायटॅनियमच्या नळ्यांच्या ईगलमधून गर्नी विजयी झाले. वर्षअखेर विश्वविजेतेपद मात्र या दोघांपैकी कोणालाच मिळाले नाही. ब्रॅबहॅम संघाची तुलनेने साधी पण भरवशाची गाडी चालवणारे डेनी हल्म विजेते ठरले. क्लार्क यांनी त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे चार शर्यती जिंकल्या होत्या. त्यांपैकी वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत त्यांनी अंतिम रेषा ओलांडली, तेव्हा मागील चाकाचा आधार मोडून ते चाक कलंडलेले होते. डकवर्थ यांच्या त्या इंजिनाने पुढे विविध संघांना दीडशेहून अधिक ग्रां प्री विजय मिळवून दिले.

क्लार्क यांच्यानंतर

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत क्लार्क यांची लोटस रस्ता सोडून झाडांवर आदळली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. मागील टायरमधील हवा गेल्याने हा अपघात झाला असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चॅपमन यांना हा आघात अत्यंत जिव्हारी लागला. महिनाभरात इंडियानापोलिसच्या सरावात माइक स्पेन्स यांचाही लोटसमध्ये मृत्यू झाला. एकेकाळी लोटसमध्ये मेकॅनिक म्हणून काम केलेले ग्रॅहम हिल यांनी खचलेल्या संघाला सावरले आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपद जिंकले.

याच सुमारास गाडी रस्त्याला दाबून धरण्यासाठी उलट्या विमानपंखासारखे पंख बसवण्याची पद्धत आली. लोटसचे पंख उंच, सडपातळ दांड्यांवर उभे असत आणि त्यांचा भार थेट चाकांवर येई. मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांचे पंख मोडले आणि दोघांनाही मोठे अपघात झाले. हिल बचावले, रिंट यांच्या जबड्याला इजा झाली. पुढच्याच शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली. रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून गाडीतील नाजूक भाग अधिक मजबूत करण्याची मागणी केली. त्यासाठी काही किलो वजन वाढले तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे होते.

१९७० मध्ये आलेली लोटस ७२ ही पाचरीच्या आकाराची गाडी शर्यतींच्या इतिहासातील महत्त्वाची गाडी मानली जाते. चाकांवरील भार कमी करण्यासाठी तिचे पुढचे ब्रेकही चाकात न बसवता गाडीच्या आत बसवले होते. चाक थांबवण्याचा सगळा जोर त्यामुळे ब्रेकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या एका पोकळ दांड्यावर येई. रिंट यांनी या मोसमात पाच शर्यती जिंकल्या. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मॉन्झा येथे सरावात ब्रेक लावताना त्यांची गाडी डावीकडे खेचली गेली आणि कठड्यावर आदळली. त्यात रिंट यांचा मृत्यू झाला. उजवीकडील पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याने अपघात घडला, पण कठडा नीट उभारलेला नसल्याने तो प्राणघातक ठरला, असे तपासातून पुढे आले. न्यायालयीन प्रक्रिया काही वर्षे चालली. १९७१ मध्ये मॉन्झाला चॅपमन यांनी आपली गाडी वेगळ्या संघाच्या नावाने उतरवली.

ऑक्टोबर १९७० मध्ये तरुण एमर्सन फित्तिपाल्डी यांनी वॉटकिन्स ग्लेनची शर्यत जिंकली. त्यामुळे रिंट यांचे गुण कोणालाही ओलांडता आले नाहीत आणि ते मरणोत्तर विश्वविजेते झाले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात हा मान आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. फित्तिपाल्डी यांनी १९७२ मध्ये लोटस ७२ मधूनच विजेतेपद मिळवले. रिंट यांचा जीव घेणारी गाडी आणि चार वर्षांत निर्मात्यांची तीन विजेतेपदे मिळवून देणारी गाडी एकच होती.

वजन न वाढवता भार

या काळात चॅपमन केवळ अभियंता राहिले नव्हते. १९६६ मध्ये कंपनी नॉरफोकमधील हेथेल येथे, युद्धकाळातील एका जुन्या विमानतळावर स्थलांतरित झाली. १९६८ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. त्याच वर्षी सिगारेट कंपनीच्या रंगांत गाड्या रंगवून चॅपमन यांनी फॉर्म्युला वनमध्ये जाहिरातदारांचे युग सुरू केले. १९७० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सीबीई हा सन्मान दिला. शर्यत जिंकल्यावर धावपट्टीच्या कडेला उडी घेऊन काळी टोपी हवेत भिरकावणारे चॅपमन, हे दृश्य चाहत्यांच्या ओळखीचे झाले.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात संघ मागे पडला, तेव्हा त्यांनी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडला. गाडी रस्त्याला चिकटून राहायची तर तिच्यावर भार हवा, पण वजन नको. पीटर राइट, टोनी रड आदी सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून गाडीच्या तळालाच उलट्या पंखाचा आकार दिला. गाडीखालून वेगाने जाणारी हवा तिला खाली ओढू लागली. या तत्त्वावरील लोटस ७९ गाडीतून मारिओ आन्द्रेत्ती यांनी १९७८ चे विश्वविजेतेपद मिळवले.

तो आनंदही निर्भेळ नव्हता. विजेतेपद निश्चित झालेल्या मॉन्झाच्या शर्यतीत सुरुवातीलाच अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. लोटसचे दुसरे चालक रॉनी पीटरसन यांची नवी गाडी सकाळी नादुरुस्त झाल्याने ते आदल्या वर्षीची लोटस ७८ चालवत होते. त्यांच्या पायांना गंभीर दुखापती झाल्या आणि दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबर १९७८ रोजी, रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

अखेरची वर्षे

यानंतर चॅपमन यांना पूर्वीसारखे यश लाभले नाही. दोन सांगाडे एकात एक बसवलेली लोटस ८८ ही गाडी १९८१ मध्ये नियमबाह्य ठरवण्यात आली. याच काळात उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सरकारच्या मदतीने उभ्या राहिलेल्या डिलोरियन मोटार प्रकल्पाचे अभियांत्रिकी काम लोटसने घेतले होते. त्या प्रकल्पातील सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत बेपत्ता झाल्याचे पुढे उघड झाले. १९९२ मध्ये लोटसच्या एका माजी वरिष्ठ वित्त अधिकाऱ्याला या प्रकरणी शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांनाही दहा वर्षांची तरी कैद झाली असती, असे मत तेव्हा न्यायाधीशांनी व्यक्त केले.

१६ डिसेंबर १९८२ रोजी पहाटे नॉरफोकमधील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते. त्याच दिवशी जवळच्या स्नेटरटन येथे, चाकांचे हेलकावे संगणकाद्वारे नियंत्रित करणाऱ्या लोटसच्या नव्या गाडीची चाचणी ठरलेली होती, आणि ती पार पडली. मूळ लोटस संघ १९९४ पर्यंत शर्यतींत राहिला. पुढे हे नाव इतर संघांनी वापरले. २०११ मध्ये जर्मनीतील शर्यतीत भारताचे करुण चंडोक यांनी याच नावाच्या संघाची गाडी चालवली.

चॅपमन यांच्या कारकिर्दीने शर्यतींच्या जगाला दोन गोष्टी शिकवल्या. वजन वाचवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एका भागाकडून अनेक कामे करून घेणे, ही पहिली. चालकाचा जीव ज्या भागावर अवलंबून आहे, तेथे किती वाचवायचे हे एकट्या निर्मात्यावर सोपवता येत नाही, ही दुसरी. १९८५ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांना धडकेची चाचणी बंधनकारक झाली आणि नंतरच्या काळात या चाचण्या अधिकाधिक कठोर होत गेल्या. टर्बो इंजिनांच्या उष्णतेमुळे आजच्या फॉर्म्युला वन गाड्यांतील एक्झॉस्ट बहुधा निकेलच्या मिश्रधातूंचे असतात.

टायटॅनियम मात्र या गाड्यांमध्ये एका निराळ्या कामासाठी ठळकपणे दिसते. २०१८ पासून प्रत्येक गाडीत चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची हॅलो ही कमान सक्तीची आहे. तिचे वजन सुमारे सात किलो असून तिने गाडीचा वेग तसूभरही वाढत नाही. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमँ ग्रोज्याँ यांची गाडी लोखंडी कठडा भेदून पेटली, तेव्हा या कमानीने त्यांचे डोके वाचवले आणि ते स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आले.